छोटा फुल फ्रेम कॅमेरा, न बदलणारी लेन्स: घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर) आणि न बदलणारी लेन्स असलेल्या छोट्या कॅमेऱ्यांबद्दल हे प्रश्न मला सारखे विचारले जातात, कधी मित्र विचारतात कधी ओळखीतून कोणीतरी फोन करतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी स्वतः गेली काही वर्षं असाच एक ३५ एमएमवाला कॅमेरा जवळ बाळगतो आणि २८ वाला मित्राकडून महिनाभर आणून वापरलाय. माझं म्हणणं आधीच सांगतो: या प्रकारात तुम्ही बॉडी घेत नाही, एक लेन्स आणि एक अंतर घेता, बाकी सगळं नंतर. बरेच जण उलट्या क्रमाने जातात, आधी मेगापिक्सेल बघतात, मग ऑटोफोकस, मग व्हिडिओ, आणि फोकल लेंथचा (लेन्सवरचा एमएमचा आकडा, तो जितका लहान तितकं जास्त रुंद दिसतं) विचार कॅमेरा घरी आल्यावर सुरू होतो.

यात नक्की कुठले कॅमेरे येतात?

मोजकेच आहेत. २०१२ मध्ये सोनीचा आरएक्स१ आला, २४ मेगापिक्सेल, झाइसची ३५ एमएम एफ/२ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, मोठं), वजन अर्ध्या किलोपेक्षा कमी. त्याआधी एवढ्या लहान अंगात फुल फ्रेम सेन्सर आणि ऑटोफोकस कोणी बसवला नव्हता. २०१५ मध्ये त्याचा ४२ मेगापिक्सेलवाला आरएक्स१आर मार्क २, आणि मग जवळजवळ दहा वर्षं काहीच नाही, थेट २०२५ मध्ये ६१ मेगापिक्सेलचा मार्क ३.

दुसरं घराणं लायकाचं. क्यू २०१५ मध्ये, क्यू२ २०१९ मध्ये, क्यू३ २०२३ मध्ये, तिघांनाही २८ एमएम एफ/१.७. २०२४ मध्ये क्यू३ ४३ आला, त्यात ४३ एमएम एफ/२. झाइसनेही एक झेडएक्स१ काढला होता, २०१८ मध्ये जाहीर केला आणि २०२० मध्ये विकायला आणला, ३५ एमएम एफ/२, आतच ५१२ जीबी स्टोरेज आणि फोटो एडिट करायची सोय, पण तो फार चालला नाही आणि बंद झाला.

फुजीचा एक्स१०० आणि रिकोचा जीआर यात का नाही?

त्यांचे सेन्सर एपीएस-सी आहेत, म्हणजे लहान. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ साधारण सव्वादोन पट पेक्षा थोडं जास्त. एक्स१०० ची २३ एमएम एफ/२ लेन्स दिसायला ३५ सारखी दिसते पण मागचं धूसर होणं फुल फ्रेमवरच्या एफ/३ च्या आसपास येतं. फरक आहे, पण केवढा महत्त्वाचा हे तुम्ही काय टिपता त्यावर. दिवसा उजेडात रस्त्यावरचे फोटो काढत असाल तर प्रामाणिकपणे सांगतो, तुम्हाला फुल फ्रेमची गरज नाही, जीआर शर्टच्या खिशात मावतो आणि त्याला तोड नाही. संध्याकाळी घरातल्या दिव्यात माणसांचे फोटो काढत असाल तर मात्र मोठा सेन्सर रोज उपयोगी पडतो.

लेन्स बदलता येत नाही यात फायदा कसला?

लेन्स बदलायची नसली की माउंटची कडी लागत नाही आणि लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ नेता येतं, त्यामुळे वाइड लेन्स लहान आणि चांगली बनवणं सोपं जातं. शिवाय ती एकच लेन्स आणि तो एकच सेन्सर कारखान्यात एकमेकांना जुळवून बसवतात. शटरही सेन्सरसमोर न ठेवता लेन्समध्ये ठेवता येतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पण एक हिशोब नक्की करा. सोनीचा ए७सी ५०९ ग्रॅमचा आणि त्यावर त्यांचीच ३५ एमएम एफ/२.८ लेन्स लावली तर १२० ग्रॅम, म्हणजे एकूण सव्वासहाशेच्या आसपास. आरएक्स१आर मार्क ३ आहे ४९८ ग्रॅम, लायका क्यू३ तर बॅटरीसकट ७४३. म्हणजे "लहान" म्हणून क्यू३ घेत असाल तर वजनाच्या काट्यावर तो दावा टिकत नाही. तो घ्यायचा त्याच्या लेन्ससाठी आणि हातात घेतल्यावर जो साधेपणा जाणवतो त्यासाठी, ॲपर्चरची रिंग, शटरची चकती, फोकसची रिंग, सगळं बोटाखाली, मेनूत जायचं काम फारसं पडत नाही.

२८, ३५ की ४३? माझ्यासाठी कुठलं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

३५ ची एक सोपी आठवण आहे: समोरचं जितकं लांब, जवळजवळ तितकीच रुंदी फ्रेममध्ये येते. दोन मीटरवर उभे राहिलात तर आडव्या फ्रेममध्ये दोन मीटर रुंदी दिसणार. २८ ला त्याच जागेवरून साधारण २.६ मीटर आणि ४३ ला १.७ मीटर. आता तुमच्या घरातली खोली डोळ्यासमोर आणा, माणसं किती अंतरावर बसतात ते आठवा, आणि ठरवा की तुम्हाला माणूस पाहिजे का माणूस आणि त्याची खोली.

एक उदाहरण देतो. आजी खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती, उजेड बाजूने येत होता, मी २८ घेऊन जवळ गेलो, अर्ध्या मीटरवर, कारण लांबून ती फ्रेममध्ये फारच लहान दिसत होती. फोटोत सुई धरलेला हात चेहऱ्याएवढा मोठा आला, बोटं लांबट, आणि चेहरा मागे गेल्यासारखा. दुसऱ्या दिवशी ३५ ने एक मीटरवरून तोच फोटो काढला तेव्हा हात हातासारखा आणि आजी आजीसारखी दिसली. यात २८ च्या लेन्सचा काही दोष नाही, जवळ गेलं की असंच होणार, पण २८ तुम्हाला जवळ जायला लावतं हे लक्षात ठेवायचं. याउलट मित्रांच्या गर्दीत, अरुंद जिन्यात, गाडीच्या आत २८ ने जे फोटो दिले ते ३५ ला जमलेच नसते, मागे सरकायला जागाच नव्हती.

४३ ची गोष्ट वेगळी. फुल फ्रेमचा कर्ण ४३.३ एमएमच्या आसपास, म्हणून ४३ ला खरी नॉर्मल लेन्स म्हणतात. कशाला ताणत नाही, कशाला दाबत नाही. पोर्ट्रेट आणि शांत चौकटींसाठी फार सुंदर, पण घरात भिंत पाठीला लागते.

ठरवायचं कसं? जुन्या फोटोंची फोकल लेंथ काढून बघा असं सगळे सांगतात, बघा जरूर, पण झूमने काढलेल्या फोटोंचे आकडे फसवतात कारण आपण झूम या टोकाला नाहीतर त्या टोकाला ढकलतो आणि मधलं काही वापरतच नाही. त्यापेक्षा तुम्ही प्रिंट केलेले, घरच्यांना पाठवलेले, पुन्हा पुन्हा उघडलेले पन्नास फोटो घ्या आणि फक्त त्यांचे आकडे बघा. दुसरं म्हणजे झूमची रिंग ३५ वर ठेवून चिकटपट्टी लावा, महिनाभर काढू नका, मग पुढचा महिना २८. मी हे केलं आणि पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली, तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच पाय बरोबर जागी जाऊन उभे राहायला लागले. ज्या आकड्याला हे लवकर होतं तो तुमचा.

आणि फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएमएवढं दाखवतो. फोनचे फोटो तुम्ही सारखे कापत असाल तर २८ तुम्हाला जवळजवळ तेच देणार आहे.

मेगापिक्सेल भरपूर आहेत, मग क्रॉप करून झूमचं काम भागत नाही का?

काही प्रमाणात भागतं. क्रॉप केलं की पिक्सेल वर्गाच्या हिशोबाने उडतात हे समजून घ्या. ६० मेगापिक्सेलचा २८ एमएम फोटो ३५ एवढा कापला तर ३९ च्या आसपास उरतात, ५० एवढा कापला तर १९, ७५ ला ८, आणि ९० ला जेमतेम ६. सोनीच्या ६१ मधून ३५ चं ५० केलं तर ३० च्या आतबाहेर, ७० केलं तर १५. म्हणजे एक पायरी खाली बिनधास्त जा, दोन पायऱ्या गरजेला, तिसरी पायरी फक्त फोनवर बघायला. आणि क्रॉप केल्याने मागचं धूसर होणं वाढत नाही, त्यामुळे कापलेला ७५ हा पोर्ट्रेट लेन्सचा ७५ नव्हे.

जुन्या २४ मेगापिक्सेलच्या क्यूमध्ये ५० ला साडेसातच्या आसपासच उरतात. पण न कापता वापरणार असाल तर २४ आजही पुरतात, ६००० पिक्सेलची बाजू २० इंची प्रिंटला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) देते, घरात भिंतीवर लावायला त्याहून मोठं किती जण करतात?

लेन्स चांगली आहे का हे घरी कसं तपासू?

इथे मात्र आळस करू नका, कारण बाकी कॅमेऱ्यात लेन्स खराब निघाली तर लेन्स बदलता येते, इथे अख्खा कॅमेरा सर्व्हिसला जातो.

विटांच्या भिंतीचा फोटो काढायचा सल्ला मिळतो पण मला तो आवडत नाही, कॅमेरा भिंतीला जरा तिरका असला तरी एक बाजू मऊ येते आणि माणूस उगाच घाबरतो. त्यापेक्षा लांबचं काहीतरी शोधा, दूरच्या इमारतीवरची जाळी किंवा डोंगरावरचा टॉवर. कॅमेरा ट्रायपॉडवर, मध्यभागी एकदा फोकस करून लॉक, मग तीच वस्तू एकेका कोपऱ्यात आणून चार फोटो, आधी पूर्ण उघड्या ॲपर्चरला आणि मग एफ/५.६ ला. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन बरे आणि एक चिखल झालेला असेल, आणि एफ/५.६ लाही तो सुधारत नसेल, तर लेन्स आतून तिरकी बसलीय, परत करा.

सगळे कोपरे मऊ आले तर अजून एक फोटो घ्या, या वेळी फोकसच कोपऱ्यात करा. कोपरा लख्ख झाला तर फोकसची पातळी सपाट नसून वक्र आहे एवढंच, दोष नाही, लँडस्केपला एफ/८ वापरा म्हणजे झालं.

मग जवळचं बघा. क्यूची २८ मॅक्रो रिंग फिरवली की १७ सेंटीमीटरवर येते पण तिथे ॲपर्चर एफ/२.८ च्या वर उघडत नाही, आरएक्स१ घराण्यात २० सेंटीमीटर. पांढऱ्या कागदावरची काळी अक्षरं तिरकी ठेवून उघड्या ॲपर्चरला काढा, फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट झाक किती येते ते दिसेल. शेवटी एक दिवा फ्रेमच्या कोपऱ्यात आणि मग फ्रेमच्या किंचित बाहेर ठेवा, काळा भाग धुरकट होतो का बघा. मी ही सगळी तपासणी एका दुपारी उरकतो.

लेन्सचा वाकडेपणा सॉफ्टवेअरने सरळ करतात म्हणे, मग ती फसवणूक नाही का?

नाही. लायका क्यूच्या २८ मध्ये करेक्शन काढून टाकलं तर सरळ रेषा पोट सुटल्यासारख्या वाकतात हे खरंय, आणि ते सरळ करताना कोपरे ताणले जातात, थोडा शार्पनेस जातो. पण लेन्स बनवणाऱ्यांनी हे धरूनच तिचं गणित मांडलेलं असतं, वाकडेपणा सॉफ्टवेअरवर सोपवला की एफ/१.७ एवढ्याशा आकारात बसवता येतं. शेवटी हाती येणाऱ्या फोटोवरून ठरवा. फक्त एवढं तपासा की तुमचं रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) उघडायचं सॉफ्टवेअर ते करेक्शन आपोआप लावतं, नाहीतर घरी फाइल उघडल्यावर धक्का बसेल.

लेन्समधल्या शटरचं, म्हणजे लीफ शटरचं, एवढं कौतुक कशासाठी?

आवाजासाठी आणि फ्लॅशसाठी. आवाज इतका हलका की नख टेबलावर टेकल्यासारखा, झोपलेल्या बाळाच्या डोक्याशी बसून मी फोटो काढलेत, पापणीही हलली नाही. आणि फ्लॅश नेहमीच्या कॅमेऱ्यात १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जुळतो, इथे १/२००० च्या आसपासही जुळतो, म्हणजे भर उन्हात लहानशा फ्लॅशने चेहऱ्यावरची सावली भरता येते.

अडचण एकच. कडक ऊन, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/१६ ला १/१०० सेकंद लागतं. तिथून एफ/२ म्हणजे सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), १/६४००. मेकॅनिकल शटर तिथपर्यंत पोचत नाही. मग इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, त्यात पळती गाडी तिरकी होते आणि काही एलईडी दिव्यांखाली पट्टे येतात, नाहीतर दोन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावा. फुजीच्या एक्स१०० मध्ये एनडी आतच असतो, आरएक्स१ आणि क्यूमध्ये नाही. या दोन्ही घराण्यांना ४९ एमएमचा फिल्टर बसतो, आकार लहान म्हणून एक पाकिटात पडून राहतो.

ऑटोफोकस कितपत पुरतो?

पहिला आरएक्स१ आजच्या मानाने हळू आहे, कमी उजेडात पुढेमागे करत बसतो. मार्क २ मध्ये फेज डिटेक्शन (फोकस कुठे न्यायचा हे थेट ओळखणारी पद्धत) आलं. लायकात ते क्यू३ ला आलं, क्यू आणि क्यू२ कॉन्ट्रास्टवर (फोकस पुढेमागे करून सगळ्यात लख्ख जागा शोधणं) चालतात पण स्थिर माणसाला ते वेगात धरतात. तपासताना दुकानाच्या लख्ख दिव्यात तपासू नका, संध्याकाळी घरात एका दिव्याखाली कोणालातरी तुमच्याकडे चालत यायला सांगा आणि दहा फोटो काढा, त्यातले डोळ्यावर फोकस असलेले किती ते मोजा. एक मीटरवर ३५ एमएम एफ/२ ला फोकसमध्ये येणारी खोली साधारण १० सेंटीमीटर, नाकावर फोकस गेला आणि डोळे थोडे मऊ झाले तर मोठ्या स्क्रीनवर कळतं.

स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) नसेल तर?

लायका क्यूच्या लेन्समध्ये आहे, सोनीच्या आरएक्स१ घराण्यात फोटोसाठी नाही, मार्क ३ मध्येही नाही. पूर्वीचा नियम होता की ३५ ला १/३५ पुरे, पण ६१ मेगापिक्सेल एवढं बारीक दाखवतात की मी १/१२५ च्या खाली जात नाही. चालती माणसं टिपत असाल तर तसंही १/२५० लागतं, तिथे स्टॅबिलायझेशन काही करत नाही. रात्री रिकामे रस्ते आणि इमारती टिपणाऱ्याला मात्र ही मोठी उणीव आहे.

बॅटरी?

दोन ठेवा. आरएक्स१आर मार्क २ कागदावर २२० फोटो देतो, मार्क ३ मोठ्या बॅटरीने ३०० च्या आसपास.

व्ह्यूफाइंडर आणि स्क्रीन किती महत्त्वाचे?

माझ्यासाठी व्ह्यूफाइंडर फार, चष्मा असेल तर घालूनच तपासा, चारही कोपरे एका नजरेत दिसले पाहिजेत. पहिल्या आरएक्स१ मध्ये आत व्ह्यूफाइंडरच नव्हता, मार्क २ मध्ये वर उघडणारा आला. स्क्रीनबाबतीत विचित्र झालंय, मार्क २ ची वर-खाली हलायची आणि मार्क ३ ची पक्की केली, तर लायकाने क्यू३ ला पहिल्यांदा हलणारी दिली. लहान मुलांचे फोटो त्यांच्या उंचीवर वाकून काढणाऱ्याला हलणारी स्क्रीन नसणं रोज खुपतं, गुडघे दुखायला लागतात.

धूळ आत जात नाही ना, लेन्स तर कधीच निघत नाही?

हा मोठा गैरसमज. फोकस करताना आतली भिंगं मागेपुढे होतात, हवा आत-बाहेर जाते, हवेबरोबर कण जातात. माझ्याकडे आधी जो अशा प्रकारचा कॅमेरा होता त्यात दीड वर्षात आकाशात दोन काळे ठिपके दिसायला लागले. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात मी स्वतः पाच मिनिटांत सेन्सर पुसला असता, इथे सेन्सरपर्यंत हात पोचायचा मार्गच नाही, कॅमेरा सर्व्हिसला पाठवावा लागला आणि सात आठवड्यांनी परत आला. तेव्हापासून मी खिशात किंवा पिशवीत मोकळा ठेवत नाही, खिशातला धागा आणि भुसा हाच सगळ्यात वाईट. क्यू२ आणि क्यू३ ला धूळ आणि पाण्याच्या थेंबांसाठी आयपी५२ मानांकन आहे, आरएक्स१ घराण्याला असं काही मानांकन नाही.

खिशात मावतो का?

कोटाच्या खिशात आरएक्स१ मावतो, लेन्स धरून जाडी सुमारे ७ सेंटीमीटर. क्यू नाही, तो पट्ट्यावरच.

व्हिडिओसाठी घ्यावा का?

मुख्य काम व्हिडिओ असेल तर घेऊ नका. क्यू३ ८के रेकॉर्ड करतो वगैरे ठीक आहे, पण एकच लेन्स आणि एवढुशा अंगातली उष्णता, त्याच पैशात व्हिडिओसाठी कितीतरी सोयीचे कॅमेरे मिळतात.

सेकंड हँड घेताना दहाच मिनिटं मिळाली तर काय बघू?

आधी धूळ. एफ/१६, फोकस अगदी जवळवर, समोर पांढरी भिंत किंवा आकाश, फोटो काढून झूम करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवा. ठिपके एफ/१६ ला दिसले आणि एफ/४ ला गायब झाले तर सेन्सरवर आहेत, सर्व्हिसचा खर्च आणि वेळ धरूनच बोलणी करा.

मग लेन्सच्या पुढच्या कडीला पोचे आहेत का बघा, फिल्टर किंवा हूड फिरवून लावून बघा, आटे अडकत असतील तर कॅमेरा पडलेला आहे असं धरून चाला. फोकस जवळून लांब, लांबून जवळ असा दहा वेळा न्या आणि कान देऊन ऐका, मोटर कुरकुरता कामा नये. ॲपर्चर बंद करत जाऊन पाकळ्यांवर तेलाचे डाग दिसतात का ते टॉर्चने बघा. वर उघडणारा व्ह्यूफाइंडर असेल तर तो पाच-सहा वेळा उघड-बंद करा. लेन्स कॅप लावून काही सेकंदांचं एक्सपोजर घ्या, लाल-निळे पेटलेले पिक्सेल मोजा, दोन-चार चालतात.

आणि बॅटरीचा मॉडेल नंबर लिहून घ्या, ती आजही नवी मिळते का ते पैसे देण्याआधी शोधा. बंद पडलेल्या मॉडेलच्या बाबतीत हे विसरलात तर कॅमेरा ठणठणीत असूनही दोन वर्षांत कपाटात जातो. मेमरी कार्ड स्वतःचं न्या, काढलेल्या रॉ फाइल घरी मोठ्या स्क्रीनवर उघडा, आणि विकणाऱ्याकडून परत करायची मुदत दोन-तीन दिवस तरी मागून घ्या म्हणजे कोपऱ्यांची ती दूरच्या जाळीची चाचणी निवांत करता येईल.